खाट नंबर दोन

धरणाजवळचा थांबा
६ जून

शिडी,

ट्रकच्या मागे बसून तू गेलीस, तेव्हा मी हात हलवत उभी होते आणि तू बॅगेच्या चेनशी झटापट करत होतीस. लागली का शेवटी चेन?

नोकरीचं पत्र आल्यावर कुणीही गेलं असतं. मीही गेले असते बहुतेक. मला राग आलेला नाही. म्हणजे थोडा आलाय. वसतिगृहाच्या भिंतीवर हा नकाशा तूच चिकटवला होतास. ‘परीक्षा संपली की ही डोंगररांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी’ हे बोलही तुझेच. आता तू विमा कार्यालयात खुर्चीवर बसणार आणि मी तुझ्या वाक्यात एकटीच चालतेय.

पुढच्या थांब्यावरून मीही घरी जाईन, असं मी तुला म्हटलं होतं. हा तो पुढचा थांबा. घरी जात नाहीये. शिव्या द्यायच्या तर कागदावर दे, म्हणजे निदान पत्र येईल.

बाबांची अट तुला माहीत आहे. ‘दोघी असाल तर जा, एकटीला सोडणार नाही.’ त्यांच्या धुलाई कारखान्यात बॉयलरवर एकटा माणूस कधी उभा करत नाहीत. एकाला काही झालं तर दुसऱ्याने वाफ बंद करायची, असा नियम. बाबांनी सारं आयुष्य त्या नियमात काढलंय, त्यामुळे डोंगरालाही तोच लावला. ताई मध्ये पडली. म्हणाली, ‘बाबा, दोघी राहतील. मी जामीन.’ त्यावर ते उठून हात धुवायला गेले. म्हणजे परवानगी.

आता मी एकटी आहे हे त्यांना कळलं, तर पुढच्या ट्रकने बोलावणं येईल आणि ताईचा शब्द खोटा पडेल. म्हणून घरी लिहिताना आपण अजून दोघीच आहोत. तू परस्पर त्या दुसऱ्या गावी रुजू होणार, त्यामुळे आमच्या गल्लीत दिसायचा प्रश्न नाही. फक्त तुझ्या आईला सांग, महिनाभर तरी कुणापाशी बोलू नका म्हणावं.

मी का चालतेय, असं तू जाताना विचारलंस. तेव्हा मी काहीतरी मोठं बोलले. खरं साधं आहे. आमच्या घरातली माणसं कामाला जातात, लग्नाला जातात, दवाखान्यात जातात. कुणी सांगितलेलं नसताना, कुणाच्या उपयोगाचं नसताना, एखादी गोष्ट शेवटपर्यंत नेलेली मी घरात पाहिलेली नाही. कॉलेजला गेले तेही ताईने शाळा सोडली म्हणून. एक तरी गोष्ट माझी मी पुरी करून बघायची आहे.

संध्याकाळी तंबू ठोकताना दुसऱ्या बाजूची दोरी धरायला कुणी नसतं. मी एक टोक दगडाखाली ठेवते आणि धावत दुसऱ्या टोकाकडे जाते. तोवर पहिलं सुटतं. तू हसली असतीस.

बुटकी


धरणाजवळचा थांबा
६ जून

प्रिय ताई,

खोकं पोचलं. एकही पुडी फुटलेली नाही. हॉस्पिटलात ताटं लावतेस तसंच लावलंयस की गं! ‘खाट १, सकाळ’, ‘खाट १, रात्र’, ‘खाट २, शेंगदाणे वर्ज्य’. शिडी म्हणाली, ‘मला पेशंट केलं तुझ्या ताईने.’ पण शेंगदाण्याने तिला पुरळ येतं हे तुझ्या लक्षात राहिलं, म्हणून खूश आहे. शेजारीच बसलीय, नमस्कार सांगतेय.

हे पत्र तू बाबांना वाचून दाखवशीलच, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते. इथे थांबा म्हणजे एक दगडी खोली, एक चूल आणि एक राखणदार. आठवड्यातून एकदा ट्रक येतो, खोकी टाकतो, पत्रं घेऊन जातो. फोन एकच आहे आणि तो फक्त अपघात आणि हवामानासाठी. दोन थांब्यांच्या मधे गाव नाही, रस्ता नाही. पाठीवर असेल तेवढंच अन्न.

परवा ओढा ओलांडताना शिडी पडली. खोल नव्हता. बसकण मारली आणि बसूनच राहिली. मी हात दिला तर म्हणते, ‘थांब, एवढी भिजलेच आहे तर तोंड धुऊन घेते.’

पुढचं खोकं खिंडीखालच्या थांब्यावर पाठव. तिथून सगळ्यात उंच खिंड लागते. खोकं दोघींचंच.

तुझी,
छोटी


घर
१३ जून

छोटे,

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. शिडी ओढ्यात बसली ती जागा त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग कितीतरी वेळ गालातल्या गालात हसत होते. जेवताना मध्येच म्हणाले, ‘तोंड धुऊन घेते म्हणाली!’ आणि परत हसले. त्यांना असं हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

त्यांनी विचारलंय, शिडी पुढे चालते की मागे? पुढे चालणाऱ्याने मागे वळून बघत राहावं, असा निरोप आहे. आणि खिंडीत दोघींनी दोरी बांधून जावं. मी म्हटलं, ‘बाबा, त्या काय गाई आहेत?’ तर म्हणाले, ‘तू लिही.’ लिहिलं.

आमच्या स्वयंपाकघरात नवीन आहारतज्ज्ञ आलीय. सगळ्यांचं मीठ कमी केलं. परवा एका आजोबांनी ताट परत पाठवलं, वर चिठ्ठी: ‘रोगी आहे, गुन्हेगार नाही.’ आम्ही ती चिठ्ठी फळ्यावर लावलीय.

तुझ्या पलंगावर मी इस्त्रीचे कपडे ठेवते आता. रिकामा दिसतो म्हणून.

खोकं दोघींचं भरलंय. खाट २ मध्ये या वेळी खजूर जास्त टाकलेत. शिडीशी भांडू नकोस. तिथे बोलायला दुसरं कोणी नाही तुला. शिडी काय म्हणते, कशी चालते, सगळं सविस्तर लिही. बाबांना ऐकायला आवडतं.

ताई


खिंडीखालचा थांबा
२१ जून

शिडी,

घरच्या पत्रात तू मजेत आहेस. काल तू एका मेंढीला घाबरून झाडावर चढलीस. बाबांना आवडेल. मी आता तुझ्याबद्दल इतकं रचते, की कधीकधी चालताना मागे वळून ‘आलीस का गं?’ म्हणते. मग आवाज आपलाच आपल्याला ऐकू येतो आणि कुणी ऐकलं तर काय म्हणेल, असं वाटून लाजते. ऐकायला आहे कोण?

आजचा दिवस तुला सगळा सांगते, कारण आज मी फार वाईट वागले आणि हे फक्त तुलाच सांगता येण्यासारखं आहे.

सकाळी तंबूवर बर्फाचा पातळ पापुद्रा होता. उठले आणि गुडघा वाकेना. उजवा. बरेच दिवस कुरकुरत होता, आज बोललाच. कारण मला माहीत आहे. मी दोघींचं अन्न वाहतेय.

कपाळाला हात लावू नकोस. धरणाजवळच्या थांब्यावर एक फळी आहे, जास्तीचं सामान तिथे सोडायचं, ज्याला हवं त्याने न्यायचं. मी खाट २ च्या सगळ्या पुड्या फळीवर मांडल्या. दारापर्यंत गेले. वळून बघितलं तर प्रत्येक पुडीवर ताईचं अक्षर. आठवड्यातल्या एकुलत्या एका सुट्टीत ती ओट्यापाशी उभी राहून हे भरते. दूध पावडर मोजून, सुपाची पूड चाळून, तुझ्यासाठी शेंगदाणे निवडून. ते मी अनोळखी माणसांसाठी टाकून जाऊ? तेही ज्या मुलीसाठी भरलंय ती इथे नाही हे तिच्यापासून लपवून? परत गेले, सगळं पाठीवर घेतलं. तेव्हापासून तू माझ्या पाठीवर आहेस. एकटीला इतकं खाववत नाही, त्यामुळे तू संपतही नाहीस.

दुपारी कड्यावरून उतरताना धुकं आलं. वाटेवर दगडांच्या खुणा रचलेल्या असतात. एका खुणेपाशी उभं राहिलं की दुसरी दिसायला हवी. आज दिसत नव्हती. एका खुणेला हात लावून मी कितीतरी वेळ उभी राहिले. आपण दोघी असतो तर एक खुणेपाशी थांबली असती, दुसरी पुढे जाऊन हाक मारून आली असती. मी एकटी काय करणार? थोडी पुढे जायचे, खूण मागे दिसेनाशी व्हायला लागली की परत यायचे. पुन्हा दुसऱ्या दिशेला. उतार सगळा असाच उतरले, एका पायावर जोर देत.

थांब्यावर पोचले तेव्हा अजून उजेड होता. इथली राखणदार बाई तुझ्या आईच्या वयाची असेल. तिला सगळे किल्लीवाली म्हणतात, कारण खिंडीच्या वाटेला फाटक आहे आणि त्याची किल्ली तिच्या कमरेला. तिने मला आपादमस्तक बघितलं आणि फडताळातून आपल्या दोघींचं खोकं काढलं.

‘किती जणी?’

खोक्यावर ताईने दोघींची नावं घातलेली.

‘दोघी,’ मी म्हटलं.

‘दुसरी कुठंय?’

‘मागून येतेय.’

‘नावं दोन, सह्या दोन. नियम आहे.’

‘हळू चालते ती. येईल.’

तिने खोकं दिलं. मी थरथरत होते म्हणून असेल. मग तिने चुलीवर पातेलं चढवलं, दोन वाडगे मांडले, दोन अंथरुणं टाकली. एका अंथरुणावर जास्तीचं ब्लँकेट ठेवलं. ‘मागून येणारी जास्त गारठलेली असते,’ म्हणाली. मी कोपऱ्यात बसून ताईचं पत्र वाचत होते. ‘शिडीशी भांडू नकोस’ असं लिहिलंय तिने. मी ते घडी करून खिशात घातलं.

किल्लीवाली दोनदा दारात जाऊन आली. मग विचारपूस सुरू झाली.

‘कोट कसला आहे तिचा?’

‘लाल.’

‘पाय दुखतोय?’

‘नाही. ती उंच आहे चांगली.’

‘उंच माणसं धुक्यात हरवत नाहीत असं कुठे लिहिलंय?’

तिने खुंटीवरची दोरी काढली. शिटी गळ्यात अडकवली. बूट घालायला बाकावर बसली. मी हे सगळं नुसती बघतेय. ‘तू सूप ढवळत राहा, खाली लागू देऊ नकोस,’ असं म्हणून ती दारापर्यंत गेली. बाहेर पांढरं काहीतरी भिंतीसारखं उभं होतं, त्यात ती माझ्यासाठी शिरणार होती. तेव्हा मी धावत जाऊन तिची बाही धरली.

‘नाही येणार ती.’

तिचा चेहरा उतरला. ‘पडली?’

‘नोकरीला लागली. विमा कार्यालयात.’

शिडी, ती पायातल्या बुटांसकट दारातच बसली. क्षणभर मला वाटलं, रडतेय की काय. मग जी सुरू झाली! ‘या धुक्यात मी कुणाला हाका मारत फिरणार होते? विम्याच्या बाईला? लाल कोट म्हणे! माझा पाय घसरला असता तर मला शोधायला कोण येणार होतं, तू? त्या गुडघ्याने?’ मी मान खाली घालून उभी. सूप खाली लागलं ते वेगळंच.

मी सगळं सांगितलं. बाबांची अट, ताईचा शब्द, पुड्या. तिने माझी पिशवी एका हाताने उचलायला बघितली आणि परत ठेवली. ‘यात कोण बसलंय?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘तीच.’ त्यावर पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं, पण आवाज तसाच कडक. ‘हे ओझं आणि हा गुडघा घेऊन मी फाटक उघडणार नाही. खिंडीवर अजून बर्फ आहे. पाय बरा होईपर्यंत इथे राहा, लाकडं फोड, भांडी घास. आणि मग एकीचं ओझं घेऊन ये. एकटी जा हवं तर, माणसं जातात एकटी. पण खोटं बोलून नको. वर काही झालं तर मी दोन माणसं शोधत बसेन.’

आता ती आतल्या खोलीत आहे. मी दोन्ही वाडगे प्यायले. दुसऱ्या अंथरुणावरचं ब्लँकेट तसंच घडी घातलेलं आहे. मला ते उचलून घ्यावंसं वाटत होतं, खूप थंडी आहे. पण घेतलं तर ती जागा अगदीच रिकामी होईल.

सांग, काय करू? ताईला खरं लिहिलं तर ती बोलावणार. तिला बोलवावंच लागेल, शब्द तिचा आहे. नाही लिहिलं तर पुढच्या आठवड्याच्या ट्रकने पुन्हा दोघींचं खोकं येणार.

बुटकी


कार्यालयाचं वसतिगृह
२६ जून

बुटके, गाढवे,

तुझं पत्र खुर्चीवर बसून वाचलं. खुर्चीला एक पाय आखूड आहे, दिवसभर डुलत असते मी. लाल कोट इथे दाराच्या मागे लटकतोय. या गावात थंडीच नाही.

तुला एक सांगायचंय, जे सांगणार नाही असं मी कबूल केलंय. पण तू माझे खजूर पाठीवर घेऊन गुडघा मोडून घेणार असशील, तर कबूल केलेलं गेलं खड्ड्यात.

तुझ्या ताईला माहीत आहे. पहिल्या आठवड्यापासून. तुझं ओढ्याचं पत्र तिच्या हातात पडायच्याही आधीपासून.

माझ्या आईला गप्प बसायला सांग म्हणालीस. तुझं ते पत्र मला मिळेपर्यंत आई मिठाईचा पुडा घेऊन हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पोचलीसुद्धा होती. ‘मुलीला नोकरी लागली, तोंड गोड करा.’ तुझ्या ताईच्या हातात तेव्हा ताटांची चळत होती, असं आई सांगते. तिने ती खाली ठेवली, मिठाई घेतली, हात पुसले आणि म्हणाली, ‘काकू, आमच्या बाबांना हे कळता कामा नये.’ आईला काही समजलं नाही, पण तिने मान डोलावली. मग तुझ्या ताईने मला इथल्या पत्त्यावर लिहिलं. फार मोठं नव्हतं. ‘मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. मला कळलंय म्हटलं की मला तिला बोलवावं लागेल. मी काही ऐकलेलं नाही. मी खोकं दोघींचंच भरणार.’

वाच परत. बाबांना ती तुझं पत्र वाचून दाखवते, त्यात मी ओढ्यात तोंड धुते, आणि मी ओढ्यात नाही हे तिला वाचताना माहीत असतं.

तू तिच्यासाठी वाहतेयस. ती तुझ्यासाठी भरतेय. आणि मी, जिच्या नावाने हे सगळं चाललंय, मेसचं पातळ वरण खातेय. निदान एक पुडी तरी इकडे पाठवायचीस!

इथे खोलीत आम्ही चौघी आहोत. सगळ्या चांगल्या आहेत. पण कुणाला डोंगरातलं काही सांगायला गेलं तर ‘अय्या, भीती नाही वाटली?’ म्हणतात आणि केस विंचरायला लागतात. मी लवकर उतरले. एवढंच लिहिते, जास्त लिहिलं तर रडेन आणि अर्ज भरायचे आहेत.

शिडी


खिंडीखालचा थांबा
२९ जून

ताई,

ट्रकवाला चहा पितोय, तेवढ्यात लिहिते. आज दोघींचं खोकं आलं आणि त्याच ट्रकमधून शिडीचं पत्र.

तुला माहीत आहे हे मला माहीत झालं. आता कुणीच ‘काही ऐकलेलं नाही’ असं म्हणू शकत नाही.

मी ६ जूनच्या आधीपासून एकटी आहे. शिडी ओढ्यात पडली नाही, मेंढीला घाबरली नाही. ओढ्यात मी पडले होते, आणि तोंड वगैरे काही धुतलं नाही. बाहेर येऊन रडले.

तू भरलेलं मला टाकवलं नाही. खाट २ मी एवढा वेळ पाठीवर वाहिली, त्याने गुडघा सुजला. आता सूज उतरतेय. किल्लीवाली म्हणून इथली बाई आहे, तिच्याकडे राहते. आजच्या खोक्यातलं खाट २ तिला देऊन टाकलं. देताना एक पुडी परत काढून घेतली, मग तीही दिली.

हे पत्र बाबांना वाचून दाखव किंवा नको, तूच ठरव. जामीन तू राहिलीस. बोलाव म्हणालीस तर पुढच्या ट्रकने मी खाली येते, कुरकुर न करता. फक्त खरं उत्तर पाठव. खिंडीपर्यंत आलेय गं. फाटक खिडकीतून दिसतं.

छोटी


घर
४ जुलै

छोटे,

तुझं पत्र आलं तेव्हा बाबा समोर बसले होते. ‘वाच,’ म्हणाले. मी मनात मजकूर जुळवायला लागले, मेंढीसारखं काहीतरी. पण मला तुझ्यासारखं रचता येत नाही. ‘घसा काय साफ करतेस, वाच,’ म्हणाले. मग वाचलं. जसं आहे तसं. ‘तुला माहीत आहे’ सुद्धा वाचलं.

ते उठले. चप्पल घालून कारखान्यात निघून गेले, पाळी नसताना. आले ते सकाळी. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. ताट घेऊन खिडकीपाशी बसतात, रस्त्याकडे तोंड करून. पाणी हवं असेल तर स्वतः उठतात. काल मी मीठ विसरले, तेही बोलले नाहीत. दोन माणसांच्या घरात एक बोलेनासा झाला की भांड्यांचा आवाज फार मोठा येतो.

मी भरत का राहिले ते सांगते. एकीचं भरलं असतं तर मला कळलंय हे कबूल केल्यासारखं झालं असतं. कबूल केलं की तुला बोलवणं आलं. दोघींचं भरत होते, तोवर तू चालत होतीस. एवढाच हिशोब. तू ते वाहत फिरशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हॉस्पिटलात नको असलेलं ताट परत येतं गं, आम्ही घासून ठेवतो, कुणाला काही वाटत नाही. मला वाटलं तूही ठेवून देत असशील. तुला मी ताटं उष्टी टाकायला कधी शिकवलंच नाही, हे मीच विसरले.

आता उत्तर. मी बोलावत नाही.

माझा शब्द मोडला तो माझा आणि बाबांचा मामला. तू मध्ये पडायला परत येऊ नकोस. अर्ध्यावरून आलीस, तर ते खिडकीपाशीच बसून राहतील, आणि मला रोज वाटेल की मी उगाच तुला सोडलं. मी शाळा अर्ध्यावर सोडली तेव्हा कुणी ‘जा’ म्हणणारं नव्हतं. मी म्हणतेय.

या खोक्यात फक्त खाट १ आहे. भरताना ओट्यावर अर्धी जागा रिकामी राहिली. सवयीने शेंगदाणे बाजूला काढले, मग परत तुझ्यातच टाकले.

जपून जा. मागे वळून बघायला कुणी नाही, तर पुढे नीट बघ.

ताई


खिंडीपलीकडचा थांबा
१० जुलै

बाबा,

हे पत्र तुमच्या नावाचं आहे. तुम्हीच वाचायचं. दुकानांच्या पाट्या तुम्ही वाचता. बॉयलरच्या गेजवरचे आकडे वाचता. म्हणून मी मोठ्या अक्षरात आणि लहान वाक्यात लिहिते. वेळ लागू दे.

मी खिंड ओलांडली. एकटीने.

तुमचा नियम बरोबर आहे. वर ते कळलं. बर्फावर एका जागी पाय मांडीपर्यंत आत गेला. निघेना. मी ओरडले. कोणी नव्हतं. ओरडून काही होत नाही हे कळल्यावर मी गप्प झाले. मग हाताने बर्फ उकरला. हळूहळू पाय सुटला. दोघी असतो तर लवकर सुटला असता. पण सुटला.

तिथे बसून खजूर खाल्ले. खूप भीती वाटली होती. ती गेली. मग दुसरंच काही वाटायला लागलं. समोर इतके डोंगर होते आणि मला ‘ते बघा’ म्हणायला कोणी नव्हतं. तुम्ही आठवलात. बॉयलरच्या खोलीत दुसरा माणूस असतो, पण आवाजामुळे तुम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला असंच वाटत असेल का रोज?

बाबा, ताईने तुम्हाला फसवलं नाही. मी फसवलं. खोटं मी लिहिलं. तिने ते वाचून दाखवलं, कारण तुम्ही हसत होता.

मला राग चालेल. घरी आले की मला बोला, हवं तेवढं. पण ती तिथे आहे आणि तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसता. इथे मी दिवसभर दगडांशी बोलते. इथे सोबत माणूस असता तर मी त्याच्याकडे पाठ केली नसती.

मला एक ओळ लिहा. रागाची लिहा, कशीही लिहा. तुमच्या हातची हवी. पुढच्या थांब्यावर ट्रक आठवड्याने येतो. एका आठवड्यात नाही जमलं तर दुसऱ्यात पाठवा. ओळ येईपर्यंत मी तिथून पुढे जाणार नाही.

लिहिताना शब्द अडेल. अडला की ताईला विचारा.

छोटी